अर्धा तास मिळाला असता तर? खाशाबांच्या हेलसिंकीतल्या दोन कुस्त्यांचा हिशेब

गोडादरा (सुरत) : धुळे, नंदुरबार, जळगावकडून येऊन इथं स्थिरावलेल्या मंडळींत गावच्या यात्रेचा विषय निघाला की दंगल येतेच. आणि दंगल आली की कोणीतरी खाशाबांचं नाव काढतो. मग ठरलेली दोन भांडणं होतात. एक, खाशाबा जाधवांचं गोल्ड नेमकं कोणी हुकवलं? दुसरं, आजच्या पोरांपुढे ते टिकले असते का?

आधी माणूस कोण होता ते बघू. खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म 15 जानेवारी 1926, कराडजवळचं गोळेश्वर. वडील स्वतः पैलवान. पाच भावांतला हा शेंडेफळ. कराडच्या टिळक हायस्कूलात शिक्षण, पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. अंगाने लहानखुरे, पण पाय विजेसारखे. समोरच्याची मान काखेत धरून फेकायचा ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

1948 ला ते लंडन ऑलिम्पिकला गेले, तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. फ्लायवेट म्हणजे 52 किलोत त्यांचा सहावा नंबर आला. ज्याचं सगळं आयुष्य लाल मातीत गेलं, त्याला तिथं गादीवर खेळावं लागलं. मातीत पाठ लावली की कुस्ती निकाली, गादीवर मात्र पंच गुण मोजत बसतात. हे लक्षात घेतलं तर सहावा नंबर लहान नाही.

हेलसिंकीला जायच्या आधीच पहिला वाद झाला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी खाशाबांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत, थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. निरंजन दासबरोबर पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती खाशाबांनी मारली. आता निवड झाली तर पैसे नाहीत. गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. 1952 सालचे सात हजार! आजच्या कुठल्या प्राचार्याकडून ही अपेक्षा करून बघा.

हेलसिंकीत गट 57 किलोचा, बँटमवेट. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ, तिघांनाही खाशाबांनी हरवलं. शेवटी मेडलच्या हिशेबात तिघे उरले : खाशाबा, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाकडून उतरलेला रशीद मामेदबेकोव.

वाद आहे तो इथं. सांगतात ते असं : इशीबरोबरची कुस्ती पंधरा मिनिटं चालली, खाशाबा हरले, आणि घाम पुसायच्या आत त्यांना मामेदबेकोवसमोर बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांत किमान अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम पंचांसमोर मांडायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख 23 जुलै 1952.

लोक सरसकट म्हणतात, विश्रांती मिळाली असती तर गोल्ड आलं असतं. हिशेब मांडला की हे जुळत नाही. इशीबरोबरची हार ताज्या दमाची होती. अर्ध्या तासाने फरक पडला असता तो फक्त दुसऱ्या कुस्तीत, म्हणजे रौप्यपदकात. गोल्ड इशीने घेतलं ते स्वतःच्या ताकदीवर. त्या ऑलिम्पिकमध्ये जपानचं ते एकमेव सुवर्ण होतं, हेही विसरू नये. पण रौप्य गेलं ते अधिकाऱ्याच्या गैरहजेरीने, असं म्हणायला पूर्ण जागा आहे. ज्याने मद्रासच्या एका गुणासाठी पतियाळापर्यंत दाद मागितली, त्याच्यासाठी परदेशात तोंड उघडणारं कोणी नव्हतं. खरी खंत ही आहे. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचाच केशव माणगावे 62 किलोत चौथा आला. त्याचं नाव तर कोणाच्या तोंडी पण येत नाही.

आता दुसरं भांडण. योगायोग असा की रवी दहिया (टोकियो, रौप्य) आणि अमन सेहरावत (पॅरिस 2024, कांस्य) हे दोघंही 57 किलोचेच. त्यात अमन सेमीफायनलला हरला तो जपानच्या री हिगुचीकडून, आणि हिगुचीनेच पुढे गोल्ड मारलं. म्हणजे 72 वर्षांनी तेच वजन, तोच जपान, तेच कांस्य.

खाशाबा विरुद्ध अमन लावली तर? आजच्या नियमाने, सहा मिनिटांच्या कुस्तीत, अमनचं पारडं जड. आजची पोरं मुळात 60 च्या वरची असतात, वजन उतरवून 57 ला येतात. पॅरिसला अमनने कांस्यपदकाच्या कुस्तीआधी रात्रीतून साडेचार किलोवर वजन उतरवलं होतं. खाशाबा 52 वरून 57 ला चढलेले, त्यामुळे धरपकडीत ते कमी पडले असते. पण 1952 च्या नियमाने पंधरा मिनिटं लावा. सहा मिनिटांनंतर आजच्या पैलवानाचा दम कुठं असेल? तिथं एक ढाक बसला की खेळ संपला. रवी मात्र वेगळा. शेवटच्या मिनिटात कुस्ती फिरवायची त्याला सवय, त्याच्यासमोर पंधरा मिनिटंही अवघडच गेली असती.

परत आल्यावर कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी आधी काय केलं, तर कोल्हापुरात कुस्त्या भरवून, स्वतः खेळून प्राचार्यांचं घर सोडवलं. 1955 ला पोलिसात फौजदार म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीने 1956 चं मेलबर्न हुकलं. सत्तावीस वर्षं नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. 14 ऑगस्ट 1984 ला रस्ता अपघातात ते गेले.

पुढचं वैयक्तिक मेडल लिअँडर पेसने 1996 ला आणलं, कुस्तीतलं सुशीलकुमारने 2008 ला. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी मिळाला. 2010 ला दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. पद्म पुरस्काराची मागणी गोळेश्वरकर वर्षानुवर्षं करत आले आहेत.