हरलेला आमदार, उभा राहिलेला पक्ष : गोपीनाथ मुंडे यांची १९८५ नंतरची वाट

कडा (ता. आष्टी) : निवडणुकीचा निकाल लागला की जिंकलेल्याच्या दारात गुलाल आणि हरलेल्याच्या दारात शुकशुकाट. ग्रामपंचायत असो की लोकसभा, आपल्याकडं हे ठरलेलंच. २०२४ ला बीड लोकसभेत भाजपच्या पंकजा मुंडे साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी पडल्या, तेव्हाही गावोगावच्या पारावर हीच चर्चा होती, की आता पुढं काय? या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या वडिलांच्या आयुष्यात सापडतं. गोपीनाथराव मुंडे स्वतः पडले होते, आणि पडल्यावरच त्यांनी पक्ष बांधला.

गोपीनाथरावांचा जन्म १२ डिसेंबर १९४९ चा, परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावचा. घर शेतकऱ्याचं. अंबाजोगाईला कॉलेजात असताना प्रमोद महाजनांशी दोस्ती झाली, ती पुढं नात्यातही बदलली. आणीबाणीत ते नाशिकच्या तुरुंगात होते. १९८० ला भाजप स्थापन झाला आणि त्याच वर्षी ते रेणापूरमधून आमदार झाले. राज्यात तेव्हा पक्षाचे आमदार होते अवघे १४.

मग आला पडझडीचा काळ. १९८४ च्या लोकसभेत देशभरात भाजपला फक्त २ जागा मिळाल्या. १९८५ ला विधानसभेत पक्षाचे १६ आमदार आले खरे, पण त्यात गोपीनाथराव नव्हते. रेणापुरात काँग्रेसच्या पंडितराव दौंडांनी त्यांना पाडलं. वय पस्तीस, आमदारकी गेलेली आणि पक्षावर शेटजी-भटजींचा पक्ष असा शिक्का. खेड्यात भाजपचा झेंडा लावायलाही माणूस मिळत नव्हता.

दुसरा एखादा घरी बसला असता, नाहीतर सत्ताधाऱ्यांच्या वळचणीला गेला असता. इथं उलटं घडलं. १९८६ ला पक्षानं या हरलेल्या माणसालाच प्रदेशाध्यक्ष केलं. त्यामागं संघटनेतले जाणते वसंतराव भागवत होते. पक्ष का हरतो, हे त्यांनी ओळखलं होतं. शहरातल्या ठरावीक घरांत अडकलेला पक्ष गावच्या माणसाला आपला वाटत नव्हता. म्हणून माळी, धनगर, वंजारी या समाजांतून नेतृत्व पुढं आणायचं ठरलं. त्यालाच लोक माधव म्हणू लागले. मुंडे, ना. स. फरांदे, अण्णा डांगे ही नावं त्यातूनच ठळक झाली. हे जातीचं गणित आहे अशी टीका झाली, आजही होते. पण ज्यांना आजवर फक्त मतापुरतं विचारलं जायचं, त्यांच्यातली माणसं व्यासपीठावर बसू लागली, हेही खरं.

गोपीनाथराव गाडी घेऊन फिरत राहिले. ऊसतोड मजुरांचे प्रश्न त्यांनी हाती घेतले. आपल्या आष्टी, पाटोदा, शिरूर भागातल्या कोयत्याला वाली नव्हता. दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्याला जाणाऱ्या माणसाला हा नेता आपला वाटला. दुसरीकडं १९८९ ला शिवसेनेशी युती झाली, त्यात महाजनांचा वाटा मोठा. एकट्यानं जमत नसेल तर जोडीदार शोधायचा, हे त्यांनी कमीपणाचं मानलं नाही.

फळ लगेच आलं नाही. १९९० ला भाजपचे ४२ आमदार झाले, गोपीनाथराव पुन्हा निवडून आले, पण सत्ता काँग्रेसचीच. १९९१ च्या अखेरीस ते विरोधी पक्षनेते झाले. राजकारणातल्या गुन्हेगारीवर सभागृहात सरकारला घेरलं आणि १९९४ ला संघर्ष यात्रा काढून राज्य पिंजून काढलं. १९९५ ला भाजप ६५ आणि शिवसेना ७३. युतीचं सरकार आलं, मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री झाले. पराभवापासून सत्तेपर्यंत दहा वर्षं लागली.

सगळंच गोड झालं असंही नाही. १९९९ ला सत्ता गेली ती पंधरा वर्षं आली नाही. पक्षात त्यांची नाराजी उघड झाली, पुतणे धनंजय मुंडे राष्ट्रवादीत गेले, घर फुटलं. तरी माणसं जोडायचं त्यांनी सोडलं नाही. आठवले, जानकर, शेट्टी, मेटे यांना सोबत घेऊन महायुती उभी केली. २०१४ ला राज्यातल्या ४८ पैकी ४२ जागा महायुतीनं जिंकल्या. बीडमध्ये त्यांच्यासमोर होते आपल्याच आष्टीचे सुरेश धस, तेव्हा राष्ट्रवादीत. २६ मे ला गोपीनाथराव केंद्रात ग्रामविकास मंत्री झाले आणि ३ जूनला दिल्लीत अपघातात गेले. मंत्रिपदाचा आठवडा जेमतेम पुरा झाला होता. त्या दिवशी ते बीड जिल्ह्यातच यायला निघाले होते.

नगर-बीड-परळी रेल्वेचा त्यांनी कायम पाठपुरावा केला. ती गाडी २०२२ ला आपल्या कड्यावरून आष्टीला गेली, २०२५ ला बीडला पोचली. पाहायला ते नव्हते.

आता कोणताही पक्ष हरला की आधी यंत्र, पैसा, फितुरी यांच्यावर खापर फुटतं. १९८५ नंतर या मंडळींनी वेगळा हिशोब मांडला: आपल्याला कोण मत देत नाही, का देत नाही, आणि त्याच्या दारात आपण शेवटचं कधी गेलो होतो? पक्ष कोणताही असो, पॅनल गावचं असो की राज्याचं, पडलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी हा हिशोब केला तर वाट सापडते. मात्र दहा वर्षं चालायची तयारी पाहिजे.