अस्थिमज्जेचे साक्षेपी अभ्यासक : डॉ. यान वाल्डेनस्ट्रॉम

स्वीडनमधील थोर वैद्यक संशोधक डॉ. यान वाल्डेनस्ट्रॉम यांचा जन्म १७ एप्रिल १९०६ रोजी स्टॉकहोम येथे झाला. वैद्यकसेवेचा वारसा त्यांना घरातूनच लाभला. आजोबा उप्साला येथे वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक, तर वडील हेनिंग नामांकित अस्थिरोगतज्ज्ञ होते. उप्साला येथे वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या यान यांनी म्युनिक येथे नोबेल पारितोषिक विजेते हान्स फिशर यांच्याकडे रसायनशास्त्राचेही अध्ययन केले. पोर्फिरिया या आनुवंशिक विकाराचा मागोवा घेत ते उत्तर स्वीडनमधील लॅपलँडपर्यंत पोहोचले. १९३७ साली याच विषयावर त्यांनी प्रबंध सादर केला. पुढे १९४१ साली ते उप्साला येथे प्राध्यापक झाले.

त्यांचे नाव अजरामर करणारे संशोधन १९४४ सालचे. दोन रुग्णांच्या नाकातोंडातून रक्त जाई. लसिकाग्रंथी सुजल्या होत्या, रक्तक्षय झाला होता, ई.एस.आर. कमालीचा वाढला होता आणि रक्तद्रव दाट झाला होता. रक्तातील प्रथिने वाढलेली पाहून मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाचा संशय येणे स्वाभाविक होते. परंतु क्ष-किरण चित्रात हाडे निरोगी दिसत होती. मज्जेच्या नमुन्यातही मायलोमाप्रमाणे प्लाझ्मा पेशींची दाटी नसून लिम्फोसाइटसदृश पेशींचेच प्राबल्य होते. उप्साला येथे स्वेडबर्ग यांनी विकसित केलेल्या अतिवेगवान अपकेंद्री यंत्राने उलगडा केला. रक्तात सुमारे दहा लाख रेणुभाराचे प्रचंड प्रथिन साठले होते. त्यामुळेच रक्त दाट होत होते.

हा नवा विकार असावा, असे त्यांच्या ध्यानी आले. तरीही शोधनिबंधाच्या शीर्षकाअखेर त्यांनी विनयाने प्रश्नचिन्हच ठेवले. कालांतराने जगाने या विकाराला त्यांचेच नाव दिले.

आज हा विकार लिम्फोमाचा एक विरळा प्रकार मानला जातो. बहुतेक लिम्फोमा लसिकाग्रंथींत प्रथम आढळतात. याचे मुख्य ठाणे मात्र अस्थिमज्जेत असते. तेथे लहान लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी आणि या दोहोंच्या मधल्या रूपाच्या पेशी एकत्र दिसतात. असे मिश्र चित्र इतर लिम्फोमांतही आढळू शकते. म्हणून केवळ सूक्ष्मदर्शकावर विसंबून चालत नाही; रक्तातील आय.जी.एम. प्रथिनाची तपासणीही करावी लागते. २०१२ साली या विकाराच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत एमवायडी८८ या जनुकातील विशिष्ट बदल आढळला आणि निदानाला भक्कम आधार मिळाला. निदान चुकले तर मायलोमाचे औषध लिम्फोमाच्या रुग्णास दिले जाण्याचा धोका असतो.

१९५० ते १९७२ या काळात डॉ. वाल्डेनस्ट्रॉम यांनी माल्मो येथे प्राध्यापक म्हणून रुग्णसेवा व अध्यापन केले. १९६१ साली न्यूयॉर्क येथील हार्वे व्याख्यानात त्यांनी एकाच पेशीवंशातून आणि अनेक पेशीवंशांतून निर्माण होणाऱ्या प्रथिनवाढीतील भेद विशद केला. एकवंशीय प्रथिन आढळले म्हणजे कर्करोग जडलाच असे नव्हे, हे त्यांनी आवर्जून मांडले. अशा अनेक व्यक्तींना तीव्र औषधांची गरज नसते; वर्षानुवर्षे जागरूकपणे लक्ष ठेवणे पुरेसे ठरते. आजही लक्षणे नसलेल्या रुग्णांबाबत हाच संयम पाळला जातो. अनावश्यक उपचारांच्या यातना त्यामुळे कित्येकांना टळल्या आहेत.

१ डिसेंबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. दोन रुग्णांच्या विसंगत लक्षणांकडे दुर्लक्ष न करता त्यांनी मुळाशी जाऊन विचार केला. त्या साक्षेपाचे फळ आज जगभरातील रुग्णांना लाभत आहे.