छावणीतल्या लेकरांची माय : सावित्रीमाई फुले



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. आम्ही पडलो गिरणी कामगार. पाळी सुटल्यावर जे वाचलं, त्यातून जे समजलं, तेच इथे मांडतो आहोत.

सावित्रीमाईंची जयंती आपण दर 3 जानेवारीला करतो. हार घालतो, भिडे वाड्याची शाळा सांगतो, अंगावर फेकलेलं शेण सांगतो. पण दुष्काळात घरदार सुटलेल्या पोरांसाठी माईंनी काय केलं, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

माईंचा जन्म 1831 सालचा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. 1840 मध्ये जोतीरावांशी लग्न झालं, तेव्हा माईंना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकवलं, आणि 1848 मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. समाजाच्या दबावापायी 1849 मध्ये नवरा-बायकोला घर सोडावं लागलं. उस्मान शेख यांनी आसरा दिला. फातिमा शेख शिकवण्याच्या कामात सोबतीण झाल्या. बिऱ्हाड पाठीवर घेणं म्हणजे काय, हे माईंनी अंगावर भोगलेलं होतं.

पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा निघाली. शाळा काढणं एक, पोर शाळेत टिकणं दुसरं. ज्या घरात चूल पेटायची पंचाईत, तिथलं पोर कामाला जाणारच. हे ओळखून फुले दांपत्याने मुलांना शाळेत येण्यासाठी विद्यावेतन दिलं. भाकर आणि पाटी बरोबरीने चालली पाहिजे, हे त्यांनी तेव्हाच जाणलं होतं.

मग 1876-77 चा भयंकर दुष्काळ आला. गुरं मेली, गावं ओस पडली, माणसं पोटासाठी परमुलखाला निघाली. माई स्वतः जुन्नर भागात गेल्या. एप्रिल 1877 मध्ये ओतूरहून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात लोकांचे हाल आहेत, सावकारांची लूट आहे आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांची धरपकडही आहे. माईंनी कलेक्टरसमोर उभं राहून आपल्या माणसांची बाजू मांडली आणि ती सुटली. त्याच वर्षी सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीच्या छावणीत व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांना तिथे रोज अन्न मिळू लागलं. जोतीरावांनी त्यासाठी लोकांकडे मदतीचं आवाहन केलं. स्वतःच्या पोटी मूल नसलेली ही बाई त्या लेकरांची माय झाली.

पाचच वर्षांनी, 1882 मध्ये, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी. आमच्या मते या मागणीमागे शाळेतला अनुभव होता, तसा दुष्काळाचाही होता.

1890 मध्ये जोतीराव गेले. माई थांबल्या नाहीत. 1897 मध्ये पुण्यात प्लेग शिरला, तेव्हा दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांना बोलावून त्यांनी हडपसरजवळ दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. तोच आजार त्यांना जडला आणि 10 मार्च 1897 रोजी माई गेल्या.

आता आपल्या खान्देशाकडे वळू. फाळणीनंतर सिंधी निर्वासित जळगाव-धुळ्यात आले आणि नव्याने उभे राहिले. आपल्याच जिल्ह्यांतले लोक मात्र दुष्काळात घरच्या घरी निर्वासित झाले. 1972 साली आमची माय खडी फोडायला गेली. आम्ही कडेवर होतो. थोरली बहीण दुसरीत होती, तिला आमच्याकडे बघायला सोबत नेलं. कामावर सुकडी मिळाली, पोट भरलं, पण बहिणीची शाळा सुटली ती सुटलीच. ती आजही अंगठा उठवते. तिच्या वाट्याची अक्षरं आम्ही शिकलो, हे ऋण आमच्यावर आहे.

आजही ऊसतोडीला, वीटभट्टीवर कुटुंबं जातात. पालात पोरं असतात, पाटी घरी राहते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवता येतं, दाखला नाही म्हणून शाळेला परत पाठवता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. पण हे पालात राहणाऱ्या माय-बापाला सांगायचं कोणी?

आपणच सांगायचं. येत्या दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या आत आपल्या वस्तीतली आणि आजूबाजूची जाणारी मुलं मोजू या. हमी कार्डासाठी गुरुजींना भेटू या. जवळच्या भट्टीवर आलेल्या पोरांना हाताला धरून शाळेत नेऊ या. विहाराचा हॉल संध्याकाळी रिकामाच असतो, तिथे दोन तास त्यांचा अभ्यास घेऊ या. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही, माणूस लागतो. आम्ही आमचे दोन तास आजच लिहून देतो.

जय सावित्री, जय भीम.