तुकारामांचे सोबती

पुणे जिल्ह्यात इंद्रायणीच्या काठी देहू हे गाव आहे. इ. स. १६०८ च्या सुमारास तेथे बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी तुकारामांचा जन्म झाला. घरी शेती, वाण्याचा व्यापार आणि सावकारी होती. विठ्ठलाची उपासना तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. थोरला भाऊ सावजी विरक्त वृत्तीचा असल्यामुळे प्रपंचाचा भार लहान वयातच तुकारामांवर येऊन पडला.

इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. तुकारामांचा व्यापार बुडाला, गुरेढोरे गेली. पत्नी रखुमाई अन्नावाचून मरण पावली. लाडका मुलगा संतूही गेला. एवढ्या दुःखाने दुसरा एखादा खचून गेला असता. तुकाराम मात्र अंतर्मुख झाले. घरातील कर्जखतांपैकी निम्मी धाकटा भाऊ कान्होबा याला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. पडझड झालेले विठ्ठलमंदिरही त्यांनी दुरुस्त केले.

मग ते भंडारा डोंगरावर एकांतात नामस्मरण करू लागले. परंतु प्रार्थनेला बसताच मन शांत झाले, असे नाही. मन चंचल आहे, आपली भक्ती अपुरी आहे, देव अजून दूर आहे, ही व्यथा त्यांनी आपल्या अभंगांत निःसंकोचपणे मांडली आहे. या झगड्यात ते एकटे नव्हते. दुसरी पत्नी जिजाबाई संसाराच्या ओढाताणीमुळे त्रासलेली असे; तरीही ती त्यांच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढत असे, असे सांगतात.

त्यांना गुरूचा आधारही लाभला. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन आपल्याला मंत्र दिला, असे तुकारामांनीच नमूद केले आहे. घोड नदीवरील डिंभे धरण ज्या आंबेगाव तालुक्यात आहे, त्याला लागूनच जुन्नर तालुका आहे. तेथे ओतूर या गावी मांडवी नदीच्या काठी या बाबाजी चैतन्यांची समाधी दाखवतात. देहूच्या भक्ताला मिळालेल्या या आधाराची आठवण तो परिसर आजही जपून आहे.

पुढे तुकाराम कीर्तन करू लागले. शूद्राने धर्मावर बोलावे, हे काहींना सहन झाले नाही. विरोधामुळे त्यांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. आयुष्याची साधनाच पाण्यात गेली! तुकाराम नदीकाठी शिळेवर अन्नपाण्यावाचून तेरा दिवस प्रार्थना करीत बसले. वह्या पाण्यावर तरंगून आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. लोकांना मुखोद्गत असलेल्या अभंगांमुळे ती वाणी टिकली, असेही मानले जाते. विरोध करणारे रामेश्वर भट्ट पुढे त्यांचे शिष्य झाले, हा या प्रसंगाचा मोठा विजय होय. शत्रूही सोबती झाला!

कीर्तनात तुकारामांच्या मागे टाळकरी उभे राहत. चाकणचे संताजी जगनाडे त्यांतीलच एक. त्यांनी तुकारामांचे अभंग लिहून ठेवले. संत बहिणाबाईंनी तुकारामांना गुरू मानले आणि देहूत राहून त्यांची कीर्तने ऐकली. कुणबी, तेली, ब्राह्मण, पुरुष, स्त्री असा भेद त्या मेळ्यात उरला नाही. एकाच्या गळ्यातील स्वर थकला, की दुसऱ्याचा टाळ त्याला सावरीत असे.

इ. स. १६५० च्या सुमारास फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकारामांनी देह ठेवला. ही तिथी तुकाराम बीज म्हणून पाळली जाते. त्यांचे पुत्र नारायणबाबा यांनी इ. स. १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. आजही वारकरी दिंडीने पंढरपूरची वाट चालतात. चालताना कोणी मागे पडला, तर बरोबरचे त्याला धीर देतात, त्याचे ओझे घेतात. प्रार्थना ज्याची त्याने करावयाची असते. पण ती करण्याचे बळ सोबत्यांकडूनही मिळते, हेच तुकारामांचे चरित्र आपल्याला शिकवते.