डबाबंद अन्नाची सुरुवात एका हलवायानं केली, आणि तीही काचेच्या बाटलीत

आमरसाचा टिन फोडला. पाहुणे जेवले, वाट्या पुसून झाल्या आणि तरी पाव टिन रस उरला. मग तो तसाच फ्रीजमध्ये सरकवायचा, वर एक ताटली ठेवायची आणि विसरून जायचं. बहुतेक घरांत हेच होतं. अननसाच्या चकत्या, स्वीट कॉर्न, नारळाचं दूध, टोमॅटो प्युरी, सगळ्यांचं नशीब सारखंच.

चार दिवसांनी घरात वाद सुरू होतो. एकाचं म्हणणं, टिनमधलं तर वर्ष-वर्ष टिकतं, चार दिवसांत काय होणार आहे? दुसरा सगळं बेसिनमध्ये ओतायला निघालेला असतो.

यातलं बरोबर कोण हे समजून घ्यायचं असेल, तर आधी एका फ्रेंच माणसाची गोष्ट वाचावी लागेल. त्याचं नाव निकोला आपेर.

आपेरचा जन्म 17 नोव्हेंबर 1749 चा. गाव शालों, फ्रान्सच्या शॅम्पेन भागातलं. वडिलांची खानावळ होती, त्यामुळे लहानपण भट्टी, पिंपं आणि बाटल्या यांच्यातच गेलं. पुढे तो एका जर्मन सरदार घराण्यात स्वयंपाकी म्हणून राहिला. मग पॅरिसला आला आणि रू दे लोंबार या रस्त्यावर त्यानं मिठाईचं दुकान टाकलं. म्हणजे विज्ञानाशी त्याचा संबंध शून्य. शिक्षण म्हणाल तर चुलीसमोरचं.

मधे फ्रेंच राज्यक्रांती झाली. आपेर त्यात उतरला आणि 1794 मध्ये, रोज कुणाचं तरी डोकं उडत होतं त्या काळात, काही महिने तुरुंगातही जाऊन आला. सुटला, आणि पुन्हा पातेल्यांकडे वळला.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मिठाईवाला फळं टिकवतो ती साखरेच्या पाकात. मांस-मासे टिकवायचे तर मीठ किंवा धूर. लोणच्याला व्हिनेगर. टिकतं सगळं, पण मूळ चव जाते. मटार मटारासारखे लागले पाहिजेत, तेही जानेवारीत. हे कसं करायचं?

त्यानं शोधलेलं उत्तर ऐकायला फार सोपं आहे. पदार्थ बाटलीत भरायचा, बूच घट्ट बसवायचं आणि ती बंद बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. पण या सोप्या उत्तरामागे बरीच वर्षं गेली. कुठल्या पदार्थाला किती वेळ उकळी द्यायची, हे प्रत्येकासाठी वेगळं करून बघावं लागलं. तापवताना बाटली फुटू नये म्हणून त्यानं शॅम्पेनच्या बाटल्यांसारख्या जाड काचेच्या, पण रुंद तोंडाच्या बाटल्या वापरल्या. त्या कापडी पिशवीत घालून पाण्यात ठेवायचा, म्हणजे एखादी फुटलीच तर काच उडणार नाही. मोठ्या तोंडाला एकसंध बूच पुरत नाही, म्हणून बुचाचे तुकडे एकमेकांना चिकटवून त्याचं बूच केलं. वरून तार आवळली. फटी बुजवायला चुना आणि चीज यांचा लगदा! जुगाड म्हणा हवं तर, पण आतलं अन्न खरंच टिकत होतं.

पॅरिसजवळ मासी इथं त्यानं कारखाना काढला, आजूबाजूच्या जमिनीत मटार आणि शेंगा लावल्या. फ्रेंच आरमारानं ब्रेस्ट बंदरात त्याच्या बाटल्या तीन महिने ठेवून तपासल्या. सूप ठीक निघालं, मटार आणि शेंगा मात्र ताज्या तोडल्यासारख्या. महिनोन्महिने खारवलेलं मांस खाणाऱ्या खलाशांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती, याची कल्पना करा.

इथे एक किस्सा नेहमी सांगितला जातो, की 1795 मध्ये नेपोलियननं बक्षीस जाहीर केलं आणि आपेरनं ते जिंकलं. पण 1795 मध्ये नेपोलियन हा एक तरुण सेनाधिकारी होता. सत्ता त्याच्या हाती यायला अजून चार वर्षं होती. आपेरला पैसे मिळाले ते 1810 मध्ये, गृहखात्याकडून. 12,000 फ्रँक. आणि त्याला एक अट होती: पद्धत पुस्तकात छापून सगळ्यांसाठी खुली करायची.

आपेरनं अट मान्य केली. साठाव्या वर्षी त्याचं पुस्तक आलं. कुठल्या पदार्थाला काय करायचं, सगळं त्यात लिहिलेलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला पीटर ड्युरँड नावाच्या व्यापाऱ्यानं याच कल्पनेचं पेटंट घेतलं. ही कल्पना परदेशातल्या एका माणसाकडून कळली, असं त्यानं पेटंटमध्येच नमूद केलंय. फरक एवढाच की काचेसोबत त्यात कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे डबेही होते. पुढे ते हक्क विकले गेले आणि 1813 पर्यंत ब्रिटिश आरमाराला टिन जायला लागले. ते उघडायला छिन्नी आणि हातोडा लागायचा, कारण टिन फोडायच्या खास हत्याराचं पेटंट आलं 1855 मध्ये. म्हणजे डबा आला आणि ओपनर यायला चाळीसेक वर्षं लागली.

आपेरचं काय झालं? 1814 मध्ये नेपोलियन हरत होता, परकी फौजा पॅरिसपर्यंत आल्या आणि मासीचा कारखाना उद्ध्वस्त झाला. म्हातारपणी त्यानं पॅरिसमध्ये पुन्हा सुरुवात केली, टिनचे डबेही बनवले. 1822 मध्ये मानवजातीचा उपकारकर्ता अशी पदवी मिळाली. पदवीनं पोट भरत नाही. 1 जून 1841 ला, 91 व्या वर्षी तो मासीत गेला. दफन झालं ते गरिबांच्या सामायिक खड्ड्यात. पेटंट घेतलं असतं तर वेगळं झालं असतं का? माझ्या मते नक्कीच. पण मग हे तंत्र इतक्या झटपट जगभर पोहोचलंही नसतं.

शेवटपर्यंत त्याला एक गोष्ट कळली नाही, ती म्हणजे अन्न नेमकं का टिकतं. गे-ल्युसॅकसारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञानं त्याच्या बाटल्या तपासून कारण दिलं, की आत ऑक्सिजन उरत नाही म्हणून. ते चुकीचं होतं. आपेर गेल्यावर वीसेक वर्षांनी लुई पाश्चरनं सूक्ष्मजीवांचं काम पुढे आणलं, तेव्हा उलगडा झाला. उष्णता आतले जंतू मारते आणि घट्ट झाकण नवे आत येऊ देत नाही. दोन्ही पाहिजे.

आता चला परत आपल्या फ्रीजकडे. टिन फोडला की दुसरी अट मोडली. हवेतले, चमच्यावरचे जंतू आत गेले. त्या क्षणापासून ते अन्न घरात आज शिजवलेल्या भाजीइतकंच नाशवंत. डब्यावरची पुढच्या वर्षीची तारीख फक्त बंद डब्यासाठी होती. म्हणजे वर्ष-वर्ष टिकतं म्हणणारा चूक. पण फ्रीजमध्ये नीट ठेवलेलं अन्न लगेच ओतून देणाराही घाई करतोय.

उरलेलं काचेच्या किंवा चांगल्या प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात काढा, तारीख लिहा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा, 4 अंश किंवा त्याखाली. टोमॅटो, अननस अशा आंबट गोष्टी 5 ते 7 दिवस चालतात. मका, छोले, राजमा, मासे 3 ते 4 दिवस. कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखर भरपूर, म्हणून ते यांच्यापेक्षा जास्त टिकतं, फक्त ओला चमचा घालू नका. आमरस आणि नारळाचं दूध तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येतं, हवे तेवढे तुकडे काढायचे.

टिनमध्येच ठेवलं तर विषबाधा होते का? तेवढ्यानं नाही. पण डबा उघडला की हवा आणि आंबटपणा मिळून धातू लवकर विरघळायला लागतो. मी एकदा अननस तसाच तीन दिवस ठेवला होता. खाताना जिभेवर नाणं ठेवल्यासारखं वाटत होतं.

खरा धोका न उघडलेल्या डब्यात असू शकतो. बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत, म्हणून आज मका किंवा मांसासारखे आंबट नसलेले पदार्थ कारखान्यात दाबाखाली साधारण 121 अंशांना तापवतात. तरीही टिन फुगलेला असेल, गळत असेल किंवा फोडताना आतून फवारा उडाला, तर वास घेऊन किंवा चाखून बघू नका. पिशवीत बांधा आणि टाकून द्या.