वाऱ्याने पेटलेला दिवा

वारा आणि दिवा यांचे वैर फार जुने आहे. तिन्हीसांजेला निरांजन घेऊन अंगणात तुळशीपाशी जाणारी आजी ज्योतीला पदराचा आडोसा करते, तो या वैऱ्याच्या भयानेच. परंतु सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी युरोपातील डेन्मार्क देशात एका शिक्षकाने या वाऱ्यालाच दिवे लावण्याच्या कामी जुंपले. त्या शिक्षकाचे नाव पौल ला कूर.

ला कूर यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ रोजी जटलंड द्वीपकल्पातील एबेलटॉफ्ट या गावाजवळ झाला. शिक्षण पुरे झाल्यावर ते हवामानशास्त्राकडे वळले. १८७२ साली कोपनहेगन या राजधानीच्या शहरात हवामानसंस्था स्थापन झाली, तेव्हा ऐन तारुण्यात त्यांना तेथे उपसंचालकाचे पद मिळाले. त्यांना तारायंत्राचाही मोठा छंद होता. निरनिराळ्या स्वरांचे नादकाटे वापरून एकाच तारेवरून अनेक संदेश एकाच वेळी कसे धाडता येतील, याचा त्यांनी शोध घेतला. नादकाट्याच्या कंपनांवर अगदी एकसारख्या गतीने फिरणारे एक चाकही त्यांनी तयार केले. या चाकाची आठवण ठेवा. त्याचा धागा पुढे येणार आहे.

मान होता, कीर्ती मिळू लागली होती, आणि अशा वेळी १८७८ साली त्यांनी राजधानी सोडली. आस्कोव्ह नावाच्या लहानशा खेड्यातील लोकशाळेत ते गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागले. या लोकशाळा मोठ्या विलक्षण. तेथे परीक्षेचे जोखड नसे. शेतकऱ्यांची तरुण मुले तेथे राहत आणि इतिहास, भाषा व विज्ञान ऐकून शहाणी होऊन घरी परतत.

त्या काळी वीज शहरांत येऊ लागली होती. खेड्यात मात्र तोच मिणमिणता रॉकेलचा दिवा, आणि सारी कामे मनुष्याच्या व घोड्याच्या बळावर! असेच चालले तर तरुण मुले शहराची वाट धरतील आणि खेडी ओस पडतील, ही चिंता ला कूर यांना लागून राहिली. डेन्मार्कच्या भूमीत कोळशाच्या खाणी नाहीत. उंच डोंगर नाहीत, म्हणून धबधबेही नाहीत. विपुल आहे तो समुद्रावरून येणारा वारा, आणि त्यावर धान्य दळणाऱ्या पवनचक्क्या तर गावोगावी होत्याच. मग त्याच वाऱ्याने वीज का निर्माण करू नये?

१८९१ साली सरकारकडून अनुदान मिळवून त्यांनी आस्कोव्ह येथे प्रयोगासाठी पवनचक्की उभारली. पहिली अडचण लगेच पुढे आली. वारा लहरी. आता झुळूक, तर घटकेत सोसाटा. चक्की कधी रेंगाळे, कधी बेफाम फिरे. वीज देणाऱ्या डायनामोला तर एकसारखी गती हवी. एकसारख्या गतीचा ध्यास घेऊन ज्याने ते नादाचे चाक घडवले, त्याच्याच वाट्याला ही अडचण यावी, हा योग मोठा नामी होता! वजने व पट्टे यांच्या जुळणीने त्यांनी एक साधे साधन तयार केले. वाऱ्याचा जोर वाढला, तरी डायनामोवर ठरावीक जोरच पडे. गावच्या लोहारालाही समजावे असे ते होते.

दुसरी अडचण याहून कठीण. वारा पडला म्हणजे काय करावे? विजेचा साठा करणाऱ्या बॅटऱ्या त्या काळी फार महाग होत्या. ला कूर यांनी निराळीच वाट शोधली. पाण्यातून वीज सोडली म्हणजे पाण्याचे दोन वायू वेगळे होतात: प्राणवायू आणि उज्जवायू, म्हणजेच हायड्रोजन. हे वायू त्यांनी टाक्यांत साठवले. १८९५ ते १९०२ अशी सात वर्षे आस्कोव्हच्या शाळेत या वायूचे दिवे जळत होते. दिवसा वाहून गेलेला वारा रात्री उजेड देई, असेच म्हणावे लागेल.

हा उजेड काही सुखासुखी मिळाला नाही. हायड्रोजनमध्ये थोडासा प्राणवायू मिसळला, तरी ठिणगी पडताच स्फोट होतो. असे स्फोट झाले आणि शाळेच्या खिडक्यांची तावदाने एकदा नव्हे, अनेकदा नवी बसवावी लागली. दुसरा कोणी असता तर प्रयोग गुंडाळून ठेवता. ला कूर यांनी काम चालूच ठेवले. पुढे मात्र बॅटऱ्यांचा मार्ग अधिक सोयीचा ठरला.

चक्कीची पाती कशी असावीत, याचीही त्यांनी कसून परीक्षा केली. एका नळकांड्यातून वारा सोडून त्यात ते लहान लहान पाती तपासत. पाती पुष्कळ असली म्हणजे शक्ती पुष्कळ मिळते, असे आपल्याला सहज वाटते. त्यांना उलटेच आढळले! विजेसाठी थोडी व वेगाने फिरणारी पातीच अधिक चांगली. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या, तर त्यांची पाती मोजा, तीनच भरतील.

मिळालेले ज्ञान त्यांनी ग्रंथरूपाने सर्वांपुढे ठेवले. १९०३ साली पवनविद्युतीच्या प्रसारासाठी त्यांनी एक मंडळ स्थापिले आणि पुढील वर्षी खेड्यातील तरुणांना विजेचे काम शिकवणारे वर्ग उघडले. डायनामो कसा बसवावा, तारा कशा ओढाव्या, हे शिकून ती मुले आपापल्या गावी गेली.

२४ एप्रिल १९०८ रोजी ला कूर यांचे निधन झाले. सहा वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले आणि बाहेरून येणारा कोळसा व तेल दुर्मिळ झाले. तेव्हा डेन्मार्कच्या खेड्यांना वाऱ्याचा मोठा आधार मिळाला. १९१८ साली तेथे पवनचक्कीवर चालणारी सुमारे १२० लहान वीजकेंद्रे होती.

१९०४ सालच्या त्या वर्गात योहानेस यूल नावाचा एक कोवळा मुलगा होता. पुढे तो वीज कंपनीत अभियंता झाला. वय झाल्यावरही गुरूंनी दिलेला नाद त्याला सोडवेना. १९५७ साली, वयाच्या सत्तरीत, त्याने गेडसर येथे समुद्रकाठी तीन पात्यांची मोठी पवनचक्की उभी केली. ती २०० किलोवॅट शक्तीची होती आणि १९६७ पर्यंत फिरत राहिली.