मंगल फॉन्टचे र. कृ. जोशी: कॉम्प्युटरला मराठी 'दिसते' तरी कशी?

नांदेडच्या किंवा लातूरच्या कुठल्याही डीटीपी सेंटरवर लग्नपत्रिका, अर्ज किंवा शपथपत्र टाइप करून घेतलं असेल, तर हा प्रकार तुम्हाला नवा नाही. दुकानात फाईल एकदम झकास दिसते. पेन ड्राइव्हवर घेऊन घरी आलात, उघडली, की सगळा सावळा गोंधळ. 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं. घरातले म्हणतात, व्हायरस आला. पुण्यात आयटीत असलेला भाचा फोनवर सांगतो, मामा, व्हायरस नाही, फाईल कृतीदेवमध्ये आहे. मामांना यातलं काहीच कळत नाही आणि भाच्याला समजावून सांगायला वेळ नसतो.

आयटीत काम करणाऱ्यांना विचारा, लोकांना कॉम्प्युटरबद्दल कुठली एक गोष्ट माहीत असायला हवी? स्क्रीनवर दिसतं तेच आत साठवलेलं असतं असं नाही, हे उत्तर बऱ्याच जणांच्या यादीत वरच असेल. मराठीपुरतं बोलायचं तर ही गोष्ट समजून घ्यायला एका माणसाचं आयुष्य कामी येतं. विंडोजच्या कॉम्प्युटरवर तुम्ही मराठी वाचली असेल, तर त्यांचं अक्षर नक्की बघितलंय. त्यांचं नाव रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच र. कृ. जोशी.

कॉम्प्युटरच्या आधी ब्रश

जोशींचा जन्म १९३६ चा. शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत झालं. त्या काळात दुकानाची पाटी असो की सिनेमाचं पोस्टर, पुस्तकाचं मुखपृष्ठ असो की जाहिरात, मोठं अक्षर हातानंच काढलं जायचं. जोशी जाहिरात क्षेत्रात गेले आणि उल्का या नामांकित एजन्सीत त्यांनी बरीच वर्षं कलादिग्दर्शन केलं.

पण त्यांची ओळख एवढ्यावर थांबत नाही. ते कवी होते. मराठीत काँक्रीट कविता लिहिणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. या प्रकारात शब्दाच्या अर्थाइतकंच महत्त्व तो कागदावर कसा मांडलाय याला असतं. अक्षर फुटतं, वाकतं, मोठं होतं आणि त्यातून कविता तयार होते. सुलेखन, जुने शिलालेख, पोथ्यांमधली वळणं, बोरूची जाडी आणि तिरपेपणा यांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला.

१९८३ मध्ये त्यांनी जाहिरातीचं जग सोडलं आणि पवईच्या आयआयटी मुंबईतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये ते शिकवायला लागले. वय सत्तेचाळीसच्या आसपास. चांगलं चाललेलं करिअर सोडून माणूस इंजिनिअरांच्या कॅम्पसवर का जातो? कारण अक्षरांचं पुढचं भवितव्य तिथं ठरणार होतं. कॉम्प्युटर भारतात येत होता आणि तो इंग्रजी शिकूनच आला होता.

मशीनसाठी लिपी कापायची?

याआधी एकदा मराठीनं मशीनपुढं मान तुकवली होती. टाइपरायटर हे इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसाठी बनलेलं यंत्र. देवनागरीत स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, वेलांट्या आणि वर जोडाक्षरं. एवढं सगळं त्या मोजक्या कळांवर मावेना. मग अर्धी अक्षरं जोडून काम भागवलं गेलं, अनेक सुंदर जोडाक्षरं गळाली. यंत्राला सोयीचं व्हावं म्हणून लिपीच बदलावी, अशा सूचनाही वेळोवेळी झाल्या.

कॉम्प्युटर आला तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. यावेळी मात्र यंत्र बदलता येण्यासारखं होतं. त्यासाठी यंत्र बनवणाऱ्याला लिपी माहीत हवी आणि लिपी जाणणाऱ्याला यंत्र. असे लोक मोजकेच होते. जोशी त्यातले एक.

कॉम्प्युटरला 'क' माहीत नसतो

आता जरा कॉम्प्युटरच्या पोटात डोकावू. त्याला अक्षर कळत नाही, फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक नंबर द्यावा लागतो. इंग्रजीसाठी हे नंबर कधीच ठरले होते. लहान लिपीतल्या 'डी' चा नंबर १००. जगात कुठंही जा, १०० म्हणजे डी.

मराठीला असे सर्वमान्य नंबर नव्हते तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी जुगाड केला. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये 'डी' च्या जागी 'क' चं चित्र बसवलं. तुम्ही डीची कळ दाबता, कॉम्प्युटर १०० साठवतो आणि फॉन्ट तिथं 'क' दाखवतो. तुमच्या मते तुम्ही 'क' लिहिलात. कॉम्प्युटरच्या मते तुम्ही 'डी' लिहिलात. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाईल गेली की खरं काय ते बाहेर येतं.

त्यात भर म्हणजे प्रत्येक कंपनीचा जुगाड वेगळा. कृतीदेवची फाईल शिवाजी फॉन्टमध्ये वाचता येत नाही, शिवाजीची श्रीलिपीत नाही.

यावर सरकारी पातळीवर उपाय निघाला तो इस्की या संहितेचा. भारतीय लिप्यांसाठी बनवलेल्या या संहितेला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. कल्पना साधी होती. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा नंबर द्यायचा. देवनागरीसाठीची मांडणी इस्कीच्या आधारावर झाली. आता 'क' चा नंबर २३२५. 'मराठी' म्हणजे २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. मुखेडच्या तहसीलमध्ये टाइप करा नाहीतर अमेरिकेत, आकडे तेच.

मंगलचा जन्म

नंबर मिळाले म्हणून काम संपलं नाही. 'क्ष' घ्या. युनिकोडमध्ये तो तीन आकड्यांनी साठवला जातो. क, हलन्त, ष. स्क्रीनवर मात्र एकच आकृती दिसायला हवी. 'कि' मधली पहिली वेलांटी आकड्यांच्या रांगेत 'क' च्या नंतर येते, दिसते मात्र आधी. म्हणजे आकड्यांवरून योग्य आकृती शोधायची, तिची जागा ठरवायची, मात्रा कुठं बसेल ते बघायचं. यासाठी फॉन्टच्या आत शेकडो आकृत्या आणि त्यांचे नियम भरावे लागतात.

१९९६ च्या सुमाराला आयआयटीतून बाहेर पडल्यावर जोशी मुंबईतल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी या सरकारी संस्थेसोबत काम करायला लागले. २००३ मध्ये ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. याच काळात मायक्रोसॉफ्टसाठी देवनागरीचा युनिकोड फॉन्ट तयार झाला, तो म्हणजे मंगल. विनय सायनेकर त्यांच्या जोडीला होते. विंडोज २००० सोबत मंगल बाहेर पडला आणि घरोघरच्या, ऑफिसांमधल्या कॉम्प्युटरवर पोचला.

तेव्हाच्या स्क्रीनवर बारीक अक्षराला मोजकेच ठिपके मिळायचे. तेवढ्यात 'द्ध' आणि 'द्य' वेगळे ओळखू यायला हवेत. हातात ब्रश धरून मोठा झालेला माणूस आता ठिपके मोजत होता.

आपल्या भागातल्या लोकांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. देगलूर-धर्माबादकडं तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंग्याकडं कन्नड. विंडोजमधला तेलुगूचा गौतमी आणि कन्नडचा तुंगा हे फॉन्टही जोशींच्या दिग्दर्शनाखालीच तयार झाले.

मायक्रोसॉफ्टचं काम कंपनीचं होतं. पण जोशींचा 'रघु' हा देवनागरी फॉन्ट एनसीएसटीनं मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला केला. लिनक्स वापरणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला.

फॉन्ट, कीबोर्ड आणि युनिकोड: तीन वेगळ्या गोष्टी

मंगल इतका पसरला की लोक त्याचं नाव युनिकोड या अर्थानंच वापरायला लागले. भरतीच्या टायपिंग टेस्टमध्येही 'मंगल फॉन्ट' असा उल्लेख दिसतो. यातून एक मोठा गैरसमज पसरलाय. कृतीदेवची फाईल सिलेक्ट करायची, फॉन्टच्या यादीतून मंगल निवडायचा, म्हणजे ती युनिकोड होईल. नाही होत. आत साठवलेला आकडा १००च राहतो. फॉन्ट म्हणजे अक्षराचे कपडे. कपडे बदलल्यानं माणूस बदलत नाही.

कीबोर्ड हे तिसरंच प्रकरण. इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन किंवा इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी, यातल्या कुठल्याही पद्धतीनं टाइप करा. पद्धत युनिकोडची असेल तर आत २३२५च साठवलं जातं. जुनी सवय मोडायची नसेल, तर रेमिंग्टनची मांडणी ठेवूनही युनिकोडमध्ये लिहिता येतं.

सकळ लिपी आणि मोडी: आपला जुना अनुभव

नांदेड जिल्ह्यातलं माहूर महानुभावांचंही श्रद्धास्थान. या पंथाच्या लोकांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिले. एका अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह. भाषा मराठीच, पण किल्ली नसेल तर एक ओळ वाचता येत नाही. कित्येक शतकं हे वाङ्मय पंथाबाहेरच्या लोकांसाठी जणू कुलूपबंद होतं. कृतीदेवची फाईल तांत्रिकदृष्ट्या अशीच असते. फरक एवढाच की महानुभावांनी ते ठरवून केलं, आपण नकळत करतोय.

दुसरं उदाहरण तर अगदी ताजं आहे. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. निजामकाळातली दप्तरं उघडली तर बऱ्याच नोंदी उर्दू आणि मोडीत. कागद हातात, पण वाचणारा मिळेना, म्हणून जाणकारांची शोधाशोध झाली. त्या कागदावर एखाद्या घराचं भवितव्य अवलंबून असू शकतं.

आता विचार करा. गेल्या काही दशकांत शाळा, ग्रामपंचायती, सोसायट्या, वकिलांची ऑफिसं यांनी जुन्या फॉन्टमध्ये जे टाइप करून ठेवलंय, ते पन्नास वर्षांनी कोण वाचणार? मोडीचा कागद निदान डोळ्यांना मोडी म्हणून ओळखू येतो. जुन्या फॉन्टची फाईल मराठी आहे, हेही चटकन कळत नाही. सर्च केलं तर त्यात नाव सापडत नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तिथं नाव नाहीच, इंग्रजी अक्षरांची रांग आहे.

वेदांचे स्वर आणि अखेर

शेवटच्या वर्षांत जोशी सी-डॅकमधल्या सहकाऱ्यांसोबत एका वेगळ्याच कामात होते. वेदपठणात स्वर वर-खाली दाखवण्यासाठी पोथ्यांमध्ये खास खुणा असतात. त्यातल्या अनेक खुणांना युनिकोडमध्ये नंबरच नव्हता. नंबर नाही म्हणजे कॉम्प्युटरच्या जगात ती खूण अस्तित्वातच नाही. त्यासाठीच्या प्रस्तावांवर जोशींनी काम केलं.

फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत असताना त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग आला. मोडी लिपीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली.

आता विंडोजमध्ये निर्मला नावाचा नवा फॉन्ट आहे आणि मंगल हळूहळू मागं पडतोय. पण मंगलमध्ये लिहिलेली फाईल निर्मलात जशीच्या तशी वाचता येते, मोबाईलवरही वाचता येते. कपडे बदलले, माणूस तोच राहिला.

मग आपण काय करायचं?

एक सोपी परीक्षा आहे. फाईलमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर ते युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर ती जुन्या फॉन्टमधली आहे. अशी फाईल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये न्या आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घाला, कारण जोडाक्षरांत चुका राहतात. मूळ फाईलही जपून ठेवा. टाइप करून घेताना दुकानदाराला आधीच सांगा, दादा, युनिकोडमध्ये करा.

नावांच्या बाबतीत जास्त जपा. 'कऱ्हाडे' या आडनावातला 'ऱ्ह' दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो. दिसायला डिट्टो, आकडे वेगळे. साधी तुलना करणारा प्रोग्रॅम ती दोन वेगळी नावं मानू शकतो. ऑनलाइन फॉर्म नाव जुळत नाही म्हणत असेल, तर समोरचा ऑपरेटर मुद्दाम अडवतोय असं लगेच समजू नका. नाव तिथंच पुन्हा टाइप करून बघा.

आणि महत्त्वाचा मजकूर फक्त फोटो किंवा स्क्रीनशॉट म्हणून ठेवू नका. फोटोत अक्षरांचे नंबर नसतात, नुसते ठिपके असतात. तुमच्या गावाच्या, घराच्या नोंदी उद्या कुणी शोधायला बसलं, तर त्याला ते नंबरच लागणार आहेत.